डोळे मिटून सांगितलेलं

सकाळच्या प्रार्थनेनंतर कुणी आमेन म्हणालं नाही. प्रार्थना करणारा मालक थांबला. त्या लाँड्रीत आमेन हा शब्द, मनात असो वा नसो, आपोआप निघायचा. अर्धवट झोपेतलाही म्हणायचा आणि चर्चमध्ये कधी पाऊल न टाकलेलाही म्हणायचा, कारण आमेन म्हटलं की मशीनं सुरू होत. त्याला वाटलं, ड्रायरच्या घरघरीत शेवटचं वाक्य कुणाला ऐकू गेलं नसेल. म्हणून "येशूच्या नावानं मागतो" हे त्यानं पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हटलं आणि वाट पाहिली. मग डोळे उघडले. समोर नेहमीचे सगळे उभे होते, धुलाईवाले, घड्या घालणाऱ्या, गाडीवरचे दोघे, हिशेबनीस, आणि उजव्या हाताला हातइस्त्रीच्या बायका. सगळ्यांचे डोळे उघडे होते. रागानं कुणी बघत नव्हतं. नुसतं बघत होते, बसची वाट पाहताना शेजारच्या माणसाकडे बघावं तसं. मग मेकॅनिकनं खाकरून मोठ्या रोलरचं बटण दाबलं, पहिली ओली चादर आत गेली, वाफ उठली आणि दिवस सुरू झाला.

केबिनमध्ये येऊन तो खुर्चीत बसला आणि कोट काढायचाच विसरला. डोळे उघडे होते ह्याचंच त्याला जास्त लागलं. आमेनचं एक वेळ समजू शकतं, पण डोळे? ते आजच उघडे होते, की रोजच असायचे? तो स्वतः डोळे घट्ट मिटायचा, लहानपणी आईनं शिकवल्याप्रमाणे, पापण्या दुखेपर्यंत. त्यामुळे समोर काय चालतं हे त्याला कधी कळायचं कारणच नव्हतं. कदाचित वर्षभर ही माणसं त्याचा चेहरा अशीच न्याहाळत आली असतील, त्याच्या कपाळावरच्या आठ्या, थरथरणारी हनुवटी. अंघोळ करताना खिडकी उघडी राहिल्याचं नंतर कळावं तसं त्याला झालं. आणि मग, बरंच उशिरा, त्याला आठवलं की आज आपण प्रार्थनेत नेमकं काय म्हणालो.

तो म्हणाला होता, "स्वर्गीय पित्या, ज्या हातांनी इतकी वर्षं इस्त्रीच्या तापल्या लोखंडापाशी कष्ट केले, त्या हातांना तू आता विसावा देत आहेस, त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. नवीन यंत्र तुझ्या गौरवासाठी वापरलं जावो." शब्द चांगले होते. आदल्या संध्याकाळी फिरताना त्यानं ते जुळवले होते आणि जुळल्यावर बरंही वाटलं होतं. हातइस्त्रीचा विभाग बंद होणार, शर्ट आणि डॉक्टरांचे कोट दाबणारं यंत्र पुढच्या आठवड्यात येणार, हे त्यानं ह्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. हिशेबनिसाला अंदाज होता. हातइस्त्रीच्या बायकांना, त्यांच्या मुख्य असलेल्या थोरलीला, ते आज सकाळी कळलं, ते असं. म्हणजे देवाला सांगताना त्यांनी ऐकलं.

ही खोड त्याला बायको गेल्यानंतर लागली. लाँड्री दोघांनी मिळून उभी केली होती, पण वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली: मशीनं त्याची, माणसं तिची. त्याला बॉयलरचा आवाज जरा बदलला तरी कळायचं. समोर उभ्या माणसाचा आवाज बदललेला मात्र कळायचा नाही. सकाळची प्रार्थनाही तिचीच. दोन वाक्यांची असायची, कधी कधी दीड. "प्रभू, आजचा दिवस दे, कुणाचा हात भाजू देऊ नको, आमेन." मग ती तिथंच दाराशी उभी राहायची आणि कामावर जाणाऱ्या एकेकाला अडवायची. तुझ्या सासूचं काय झालं गं, तू कालपासून लंगडतोस का रे, तुम्ही दोघी पुन्हा अबोला धरून बसलात वाटतं. तो आतून घड्याळाकडे बघत चडफडायचा. एकदा म्हणालाच, "तुझी प्रार्थना एवढीशी आणि गप्पा तासभर." ती म्हणाली, "अहो, देवाला सगळं माहीत असतं, त्याच्याशी थोडक्यात भागतं. ह्यांचं मला विचारावं लागतं." तिच्या मागे त्यानं प्रार्थना चालू ठेवली. दाराशी उभं राहणं तेवढं ठेवलं नाही, कारण ते प्रार्थनेचा भाग आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

दफनानंतरच्या पहिल्या सकाळी तो सगळ्यांसमोर उभा राहिला तेव्हा त्याला शनिवारच्या जादा पाळीबद्दल सांगायचं होतं. इस्पितळाचं नवीन काम घेतलं होतं, तिच्या आजारपणात तुंबलेलं सगळं निस्तरायचं होतं. डोळे उघडे ठेवून ते त्याच्यानं बोलवेना. म्हणून डोळे मिटले आणि देवालाच सांगितलं, "प्रभू, शनिवारी ज्यांना थांबावं लागेल त्यांना शक्ती दे." कुणीतरी हुंदका दिला. आमेन असं मोठ्यानं झालं की वरचे पत्रे हलले असावेत, आणि शनिवारी सगळे थांबले. सुंठीवाचून खोकला गेला. त्या दिवशी त्याला खरोखर वाटलं की आपल्याला मार्ग दाखवला गेला. पुढे मग जेवणाची सुट्टी लहान झाली ती प्रार्थनेत, गाडीवरच्या माणसांनी परस्पर कुठं थांबू नये हे प्रार्थनेत, टॉवेल कमी भरतात ही तक्रारसुद्धा "आमच्यातल्या प्रत्येकाला प्रामाणिकपणाचं वरदान दे" अशी प्रार्थनेत. मेकॅनिक मागे बोलताना ह्याला "वरच्या साहेबांचा हुकूम" म्हणायचा, हे त्याच्या कानावर आलं होतं. त्याला ते आवडलंही होतं. आपणही कुणाचे तरी नोकर आहोत असा त्यानं त्याचा अर्थ घेतला. माणूस आपल्याला हवा तोच अर्थ काढतो, त्यात ह्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

घरीही तेच. लेक दूर राहते, रविवारी फोन करते. फोन ठेवण्याआधी तो म्हणायचा, चल, प्रार्थना करू, आणि मग प्रभूला सांगायचा की आमच्या लेकीला वेळेवर जेवायची आणि वडिलांची आठवण ठेवायची सुबुद्धी दे. एकदा पलीकडून शांतपणे आवाज आला, "पप्पा, मी लाईनवर आहे. मलाच सांगा ना." तो हसला होता. तीही हसली, पण त्यानंतर तिचे फोन लवकर संपायला लागले.

तो लबाड होता असं नाही. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं, कारण त्या सकाळी केबिनमध्ये बसून तोही स्वतःला हेच सांगत होता. देवावर त्याचा विश्वास होता आणि आपण खरंच देवाशी बोलतो आहोत असं त्याला दर वेळी वाटायचं. फक्त, अवघड गोष्ट त्याला डोळे मिटल्याशिवाय बोलता यायची नाही, आणि डोळे मिटून माणसाशी बोललं तर लोक वेडा म्हणतात. मग उरतं कोण? काचेपलीकडे रोलरमधून चादरी एकामागून एक बाहेर येत होत्या आणि घड्या घालणाऱ्या दोघी त्यांची टोकं धरत होत्या. रोज त्या बडबडत असतात, काचेतूनही त्यांचे ओठ हलताना दिसतात. आज हलत नव्हते.

चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. रविवारी उपासनेनंतर व्यवसाय करणाऱ्या मंडळींची बैठक होती आणि तिच्यात ह्याची साक्ष ठेवली होती, दुःखातून प्रभूनं त्याला कसं उभं केलं आणि कामाच्या जागी त्यानं प्रभूला मालक कसं केलं ह्याबद्दल. ती साक्ष त्यानं आधी दोन-तीन ठिकाणी दिली होती. चांगली व्हायची. लोक डोळे पुसत, मग हात हातात घेऊन म्हणत, तुमच्या माणसांचं भाग्य. "तयारी झाली ना?" पाळकसाहेबांनी विचारलं. "त्या सकाळच्या प्रार्थनेचं जरूर सांगा. तरुण मंडळींना फार भावतं ते." तो हो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, आपण विचारायला हवं होतं: पाळकसाहेब, उपासनेत तुम्ही प्रार्थना करता तेव्हा लोकांचे डोळे मिटलेले असतात का? तुम्ही कधी बघितलंय?

थोरलीकडे जायला हवं, हे त्याला तेव्हाच कळत होतं. ती वयानं सगळ्यांत मोठी नव्हती, पण पहिल्या दिवसापासून होती, म्हणून थोरली. तिच्याहून म्हाताऱ्या बायकाही तिला थोरलीच म्हणत. एक इस्त्री, एक टेबल आणि ती, असा तो विभाग सुरू झाला होता. तिचं आणि त्याच्या बायकोचं गूळपीठ होतं. दुपारी दोघी इस्त्रीच्या खोलीत डबा खायच्या आणि तो आत डोकावला की गप्प व्हायच्या; "काय चाललंय?" म्हटलं की बायको म्हणायची, "तुमच्याच चहाड्या." इस्पितळात थोरली एक दिवसाआड यायची. ती आली की तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचा, कारण आत त्याचं काही काम नसायचं. आता बायको नव्हती, तर थोरली पाळी संपण्याआधी काही न बोलता घरी निघून जाईल आणि उद्या येणार नाही, अशी भीती त्याला वाटायला लागली. ही भीती कामाची नव्हती. काम यंत्र करणार होतं. बायकोला ओळखणारं, तिच्याबद्दल त्याला न कळलेलं काही माहीत असणारं शेवटचं माणूस दारातून बाहेर जाणार होतं, आणि त्या माणसाशी त्यानं वर्षभरात एक सरळ वाक्य बोललेलं नव्हतं.

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. मेकॅनिक विचारायला आला, नवीन यंत्र कुठं बसवायचं, खिडकीखाली की भिंतीकडे. खिडकीखाली थोरलीचं टेबल होतं. "नंतर सांगतो," तो म्हणाला. मेकॅनिक म्हणाला, "सांगा, की उद्या प्रार्थनेत कळेल?" चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाला. समोर कधी ब्र न काढणारा हा माणूस आज हे बोलला, आणि मालकाला रागावताही येईना. त्याला इस्पितळ आठवायला लागलं. ते आठवायचं नाही असं ठरवलं की तेच आठवतं.

दुपार होती, ऊन तिच्या पायांवर आलं होतं. त्या इस्पितळाच्या चादरी ह्यांच्याकडेच धुवायला यायच्या, त्यामुळे ती पडल्या पडल्या काठ चाचपून बघायची. "आपलीच आहे," ती म्हणाली. "कुणी घातली ही घडी? मधोमध सुरकुती ठेवलीय." तो वाकून सुरकुती बघायला लागला, आणि बघत असतानाच ती वेगळ्या आवाजात म्हणाली, "अहो, ऐका. एक गोष्ट राहून गेलीय, तुम्हाला सांगायचीय." तो आवाज त्याला कळला. माणसांचे आवाज न कळणाऱ्या त्याला तेवढा एक नेमका कळला, आणि तो घाबरला. आता ही निरोपाचं बोलणार. आता ही असं काही बोलेल की त्यानंतर ती जाणार हे नक्की होईल. तो म्हणाला, "आधी आपण प्रार्थना करू." तिचा हात धरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. किती वेळ केली कोण जाणे. डॉक्टरांसाठी केली, औषधांसाठी केली, लेकीसाठी केली, विश्वासात दुबळ्या असलेल्यांसाठी केली. शब्द संपले तर ती बोलेल, म्हणून शब्द संपू दिले नाहीत. शेवटी आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा ती खिडकीकडे बघत होती. तिनंही आमेन म्हटलं. मग म्हणाली, "तुमच्या प्रार्थनेला शेवट सापडत नाही हो," आणि त्याच्या हातावर थोपटलं.

त्यानंतरही ती पुष्कळ दिवस होती. ह्या गोष्टीतून सुटका नव्हती ती इथंच. त्या दिवशी गेली असती तर दैव म्हणता आलं असतं. ती होती, बोलत होती, कपाटाची किल्ली कुठं ते सांगितलं, लेकीच्या दागिन्यांचं सांगितलं, सूप अळणी आहे म्हणाली. "काय सांगत होतीस त्या दिवशी?" एवढंच विचारायचं होतं. तिनं पुन्हा विषय काढला नाही आणि त्यानं विचारलं नाही. ती गेल्यावर मात्र ती न सांगितलेली गोष्ट त्याच्याबरोबर राहायला आली. अंथरुणावर, गाडी चालवताना, उपासनेत, तो तिच्या जागी वाक्यं घालून बघायचा. मी सुखात होते. तुम्हाला मी एका गोष्टीबद्दल कधी माफ केलं नाही. माफ केलं. माझ्यामागे एकटे राहू नका. कधी गोड वाक्य बसायचं, कधी कडू, पण प्रत्येक वाक्य त्याच्याबद्दलचंच असायचं. ते त्याचं राहिलेलं पत्र होतं, कधी उघडायला न मिळालेलं, पण नाव त्याचंच असलेलं. एवढ्या पश्चात्तापातही त्याला त्याचा आधार होता.

पाळी संपायला थोडा वेळ असताना तो इस्त्रीच्या खोलीत गेला. बायका काम करत होत्या. त्याला पाहून दोघींनी इस्त्र्या उभ्या केल्या आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेल्या. त्यातल्या एकीची तरुण सून होती, ती कोपऱ्यात कोटांच्या घड्या घालत राहिली. थोरली खिडकीपाशी होती. डॉक्टरांचा पांढरा कोट टेबलावर पालथा पसरलेला, कॉलरला खळ जास्त झाली होती म्हणून ती ओल्या फडक्यानं पुसत होती. मान वर करून म्हणाली, "बोला साहेब." त्यानं सवयीनं डोळे मिटले. मग उघडले.

"मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "सकाळी तसं नको होतं. तुमच्याशी येऊन बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

"तुम्हाला राहायचं असेल तर वेगळं काम आहे. तपासणीचं आहे. सगळ्यांनाच काहीतरी बघू."

"ह्या पोरींचं बघा. माझं नको. माझी बहीण कधीची बोलावतेय, तिच्याकडे जाईन म्हणते." तिनं इस्त्री उचलली, तळ बोट न लावता जवळून बघितला, पुन्हा ठेवली. "कामाचं मला काही वाटलं नाही साहेब. यंत्र येणार हे काय आम्हाला दिसत नव्हतं? आमच्यासमोर देवाचे आभार मानलेत, तेवढं लागलं. आम्ही तर अजून मानले नव्हते."

तो म्हणाला, "चुकलं." हा शब्द ह्या इमारतीत त्यानं कुणासमोर पहिल्यांदाच उच्चारला असावा, आणि तो आपल्याला वाटला तेवढा जड नाही ह्याचं त्याला आश्चर्य वाटलं. आता निघावं असं त्याला वाटलं. एवढ्यावर निघाला असता तर तो त्या रात्री शांत झोपला असता.

थोरली म्हणाली, "जायचंच आहे तर एक विचारू का? वर्षभर मनात आहे."

"विचारा ना."

"वहिनींनी मला शब्द दिला होता. इस्पितळात. मी त्यांना माझी एक अडचण सांगितली होती, तर त्या म्हणाल्या, तू काळजी करू नकोस, मी आजच ह्यांच्या कानावर घालते. मी वाट बघितली. मग त्या गेल्या. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटायचं, आज बोलतील, उद्या बोलतील. स्वतःहून यायचं, तर तुम्ही सकाळी डोळे मिटून उभे आणि नंतर दार लावून आत. आता त्या गोष्टीची वेळ निघून गेली, तो भाग वेगळा. पण वहिनी बोलल्या होत्या का तुमच्याशी? का विसरल्या?"

कोपऱ्यातली सून घडी घालायची थांबली. त्याला आधी प्रश्न कळला नाही, कळली ती फक्त दुपार, पायांवरचं ऊन, तो आवाज. अहो, ऐका. म्हणजे ते हे होतं. थोरलीची अडचण होती. त्यात तो कुठंच नव्हता, फक्त ज्याच्या कानावर घालायचं तेवढा एक कान होता. वर्षभर जिच्या जागी तो वाक्यं बसवून बघत होता ती गोष्ट त्याची नव्हतीच. ती ह्या बाईची होती आणि त्यानं ती वाटेत अडवून ठेवली होती. की नव्हतं तसं? की थोरलीचंही होतं आणि त्याच्यानंतर आणखी काही, त्याचंही होतं? तिनं किती बोलायचं ठरवलं होतं? त्यानं टेबलाची कड धरली.

उत्तरं दोन दिसत होती. नाही म्हटलं तर बायको शब्द विसरली असं थोरली आयुष्यभर मानणार. हो म्हटलं तर तो स्वतः ऐकून न ऐकल्यासारखं करणारा ठरणार. तिसरं उत्तरही होतं, तेच खरं: ती सांगायला लागली होती, मी सांगू दिलं नाही, मी प्रार्थना करत बसलो. ते त्याच्या जिभेवर आलं होतं. प्रभू, मला बळ दे, असं तो मनात म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्या वाक्याचा त्याला खरोखर उपयोग होता. पण थोरली त्याच्याकडे सरळ बघत होती. अशा नजरेसमोर ते वाक्य त्याच्यानं उच्चारवलं नाही.

"बोलली होती," तो म्हणाला. "तिनं सांगितलं होतं मला."

थोरलीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर आधी बरं वाटल्याचं दिसलं, अगदी स्पष्ट, एखादं दुखणं उतरावं तसं. मग ते ओसरलं आणि ती त्याच्याकडे ज्या नजरेनं बघायला लागली ती त्याला त्या सकाळपासून ओळखीची होती.

"बोलल्या होत्या ना? मला वाटलंच. वहिनी विसरणाऱ्यातल्या नव्हत्या." तिनं इस्त्री उचलली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग राहू दे. माहीत असून तुम्ही नाही ठरवलंत, तर माझं काही म्हणणं नाही. मालक तुम्ही."

आपण मोठं काहीतरी केलं असं त्याला क्षणभर वाटलं. बायकोचं नाव राखलं, दोष स्वतःवर घेतला. साक्षीत सांगण्यासारखं होतं. आणि तेवढ्यात त्याला दिसलं की आपण काय करून बसलो. काय होती ती अडचण, कशाची वेळ निघून गेली, बायको त्या दुपारी कुठल्या शब्दानं सुरुवात करणार होती, हे सगळं ह्या टेबलापलीकडे, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर उभं होतं. दोन शब्द विचारायचे होते. पण ज्याला सगळं माहीत होतं तो आता कुठल्या तोंडानं विचारणार? देवाला माहीत असेल. तो काही सांगत नाही.

"थोरल्या बाई," तो म्हणाला. ती वाट बघत होती, असं म्हणायला हवं; इस्त्री हातात धरून ती बराच वेळ थांबली. मग तिनं कोट सुलटा केला, बाही टेबलावर ओढून सरळ केली आणि पाण्याचा हबका मारला.

"सरका जरा साहेब," ती म्हणाली, "उजेड अडतोय."

तो सरकला.